साठीच्या जेवणासाठी रेड वाइन कशी निवडावी?

प्रश्न: येत्या मे महिन्यात माझ्या यजमानांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. कार्यालयातला मोठा समारंभ त्यांना नको आहे, म्हणून घरीच सोळा माणसांचे जेवण करायचे ठरले आहे. बेत मटणाचा आहे, सुके आणि रस्सा दोन्ही. शाकाहारी मंडळींसाठी भरली वांगी. यजमानांना रेड वाइन आवडते, पण आजवर कोणी आणलेली तेवढी आम्ही घेतली आहे, स्वतः निवडून कधी आणलेली नाही. दुकानात गेले तर एका बाटलीवर '९० गुण' असा सोनेरी शिक्का होता, दुसरीवर रौप्यपदक होते, तिसरीवर काहीच नव्हते. पण तिला फोनवरच्या अॅपमध्ये ४.१ तारे असल्याचे भाच्याने दाखवले. किमती सातशेपासून तीन हजारांपर्यंत. बाटलीमागे बाराशे ते पंधराशे रुपये खर्च करण्याची माझी तयारी आहे. मेलबर्नहून येणारा मुलगा म्हणतो, ऑस्ट्रेलियाचीच घे. या गुणांवर किती भरवसा ठेवावा आणि एवढ्या पैशांत चांगली वाइन कशी ओळखावी?
एक वाचक, पुणे

उत्तर: सप्रेम नमस्कार.

बाराशे ते पंधराशे रुपयांत महाराष्ट्रात तयार झालेली चांगली रेड वाइन नक्की मिळते. ती शोधताना गुणांचा आणि पदकांचा उपयोग होतो, पण तो पहिल्या पायरीपुरता. शिक्क्यावर किती गुण छापले आहेत, यापेक्षा ते कोणत्या वर्षाच्या वाइनला मिळाले आणि ती बाटली आपल्या हाती येण्याआधी कुठे, किती काळ उभी होती, या दोन गोष्टी मे महिन्यातल्या पुण्यात कितीतरी अधिक महत्त्वाच्या आहेत. दुकानात आपल्याला याची माहिती आपण होऊन कोणी देत नाही, म्हणून इथे ती सविस्तर देत आहे.

आधी गुणांविषयी. वाइनला शंभरपैकी गुण देण्याची पद्धत जगभर पसरली ती रॉबर्ट पार्कर या अमेरिकी समीक्षकामुळे आणि त्यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या 'द वाइन अॅडव्होकेट' या नियतकालिकामुळे. ही मोजपट्टी शून्यापासून सुरू होत नाही, पन्नासपासून सुरू होते. आणि बाजारात येणाऱ्या बहुतेक बऱ्या वाइन प्रत्यक्षात ८५ ते ९५ या दहा गुणांच्या आतच असतात. शाळेतल्या टक्क्यांच्या हिशेबाने ९० म्हणजे विशेष प्रावीण्य वाटते; इथे मात्र त्याचा अर्थ चांगली, नीट केलेली आणि दोष नसलेली वाइन, एवढाच घ्यावा. शिवाय सगळे समीक्षक हीच पट्टी वापरत नाहीत. लंडनच्या जॅन्सिस रॉबिन्सन वीसपैकी गुण देतात. त्यामुळे नुसता आकडा छापलेला असेल आणि तो कोणी दिला हे बाटलीवर कुठेच नसेल, तर त्या आकड्याला काहीही किंमत देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पदकांची गोष्ट थोडी निराळी आहे. 'डिकॅन्टर' या ब्रिटिश मासिकाच्या जागतिक स्पर्धेत ८६ ते ८९ गुणांना कांस्य, ९० ते ९४ गुणांना रौप्य, ९५ आणि ९६ गुणांना सुवर्ण आणि त्यापुढे प्लॅटिनम पदक दिले जाते. म्हणजे रौप्यपदक हा स्पर्धेतला दुसरा क्रमांक नव्हे. त्या पट्ट्यात जितक्या वाइन बसतील तितक्या सगळ्यांना ते मिळते आणि एकेका वर्षी अशा वाइनची संख्या हजारांत जाते. आपण पाहिलेला '९० गुण' आणि 'रौप्यपदक' हे दोन शिक्के त्या हिशेबाने एकाच तोलाचे असू शकतात. स्पर्धेत उतरण्यासाठी उत्पादकाला प्रवेशशुल्क भरावे लागते, त्यामुळे ज्या लहान वायनरीला तो खर्च परवडत नाही किंवा करावासा वाटत नाही, तिच्या उत्तम बाटलीवरही शिक्का नसतो. पदक नसणे हा दोष मानू नये.

परीक्षकांच्या निर्णयातही किती चढउतार असतो, याचा एक चांगला अभ्यास झालेला आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या वार्षिक वाइन स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन या वाइन उत्पादकाने परीक्षकांसमोर एकाच बाटलीतली वाइन, त्यांना न सांगता, तीन वेगवेगळ्या पेल्यांतून ठेवली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जेमतेम दहा टक्के परीक्षकांनी त्या तिन्ही पेल्यांना एकाच पदकाच्या पट्ट्यात गुण दिले; आणि जवळपास तितक्याच परीक्षकांनी तीच वाइन एकदा कांस्याच्या, तर एकदा सुवर्णाच्या योग्यतेची ठरवली. हे सगळे अनुभवी, नामांकित चाखणारे होते. यावरून परीक्षण निरर्थक आहे असा निष्कर्ष मी काढणार नाही, कारण खरोखर बिघडलेली किंवा निकृष्ट वाइन या छाननीतून सहसा बाहेर पडते आणि खरेदीदाराला तेवढाही आधार मोठा असतो. पण ८९ आणि ९१ गुणांच्या दोन बाटल्यांत केवळ त्या दोन गुणांसाठी पाचशे रुपये जास्त मोजणे हे मात्र निश्चितच निरर्थक आहे.

अॅपवरचे तारे आपल्यासारख्याच ग्राहकांनी दिलेले असतात आणि ते योग्य रीतीने वाचले तर मला स्पर्धेच्या पदकाइतकेच उपयोगी वाटतात. तिथे मुख्य अडचण अशी की, तारे देणाऱ्याला बाटलीची किंमत आणि नाव दोन्ही ठाऊक असते. महागड्या बाटलीला कमी तारे द्यायला मन धजत नाही. गोडसर वाइनला तर नवख्या मंडळींकडून हमखास भरभरून तारे मिळतात. म्हणून तुलना करायची ती एकाच जातीच्या द्राक्षाच्या आणि साधारण एकाच किमतीच्या बाटल्यांमध्ये करावी, आणि किती जणांनी मत दिले आहे तेही पाहावे. चाळीस जणांनी दिलेल्या ४.१ ताऱ्यांपेक्षा चार हजार जणांनी दिलेले ३.८ तारे मी अधिक विश्वासाचे मानेन. भाच्याला सांगून त्या बाटलीखालची अलीकडची दहा-बारा मते वाचून घ्या. त्यांत भारतात, शक्यतो महाराष्ट्रात घेतलेल्या बाटलीविषयी कोणी काही लिहिले असेल, तर ते सरासरीच्या आकड्यापेक्षा अधिक कामाचे असते.

आता वर्षाकडे येऊ. गुण मिळतात ते एका विशिष्ट हंगामाच्या वाइनला. पुढच्या वर्षीची द्राक्षे वेगळी, पाऊस वेगळा, कधी वाइन करणारा माणूसही वेगळा. पण जुन्या पदकाची जाहिरात पुढे पुष्कळ दिवस चालू राहते. त्यामुळे शिक्का कोणत्या वर्षाच्या वाइनचा आहे आणि लेबलवर कोणते वर्ष छापले आहे, हे जुळवून पाहणे ही खरेदीतली पहिली तपासणी समजावी.

आपल्याकडच्या वर्षाचे गणितही युरोपपेक्षा वेगळे आहे. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांना हे सांगण्याची गरज नाही, पण शहरातल्या वाचकांसाठी लिहितो: आपल्या हवामानात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपी जात नाही, म्हणून तिची दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळछाटणी होते आणि द्राक्षे तोडणीला येतात ती जानेवारी ते मार्च या काळात. नाशिकच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री चांगल्या थंड असतात. त्या थंडीमुळे फळात आंबटपणा टिकून राहतो आणि लाल वाइनला तो टवटवीतपणा देतो. फ्रान्समधली तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमधली, म्हणजे लेबलवर एकच वर्ष असले तरी आपली वाइन सहा-आठ महिन्यांनी मोठी असते. आपल्या खर्चाच्या मर्यादेतली बहुतेक भारतीय रेड वाइन साठवून ठेवण्यासाठी केलेली नसते. तोडणीच्या वर्षापासून दोन ते चार वर्षांत ती घ्यावी. जुनी बाटली म्हणजे चांगली बाटली हा समज फार थोड्या वाइनच्या बाबतीत खरा आहे. दुकानदार सात वर्षांपूर्वीची बाटली अगत्याने पुढे करू लागला, तर नम्रपणे नको म्हणावे.

पैसे नेमके कशाचे मोजतो, हेही एकदा पाहून घ्यावे. काच, बूच किंवा झाकण, लेबल, खोके, वाहतूक आणि दुकानदाराचा वाटा हे खर्च सातशेच्या बाटलीलाही लागतात आणि पंधराशेच्या बाटलीलाही जवळपास तेवढेच लागतात. त्यामुळे अगदी स्वस्त बाटलीत प्रत्यक्ष द्राक्षावर आणि वाइनवर खर्च झालेली रक्कम फारच थोडी उरते. किंमत थोडी वाढली की ती रक्कम त्या मानाने बरीच वाढते. हजाराच्या पुढे सहसा आणखी एक खर्च येतो, तो ओकच्या पिंपाचा. नेहमीचे पिंप २२५ लिटरचे असते, म्हणजे त्यातून तीनशे बाटल्या निघतात. नव्या फ्रेंच पिंपाला साठ-सत्तर हजार रुपये सहज पडतात. ते एकदाच वापरले असे धरले, तर बाटलीमागे दोनशेहून अधिक रुपये निव्वळ लाकडाचे होतात. प्रत्यक्षात पिंप काही वर्षे वापरले जाते आणि हा भार कमी होतो. ओकमुळे वाइनला व्हॅनिला, लवंग, भाजलेल्या लाकडाची झाक येते आणि तिचा उग्रपणा मऊ होतो. आपल्याला ही झाक आवडत असेल, तरच त्याचे पैसे मोजावेत. 'रिझर्व्ह' हा शब्द लेबलवर दिसला की तो ओकचा दाखला समजू नये. स्पेनमधल्या रिओहा प्रांतात 'रिझर्व्हा' म्हणवण्यासाठी वाइन किमान तीन वर्षे मुरवावी लागते आणि त्यांतले किमान एक वर्ष पिंपात, असा नियम आहे, पण असे कडक बंधन सगळ्या देशांत नाही. बाटलीच्या मागच्या बाजूला किती महिने ओकमध्ये ठेवली हे लिहिलेले असेल, तर ते वाचावे.

किंमत आणि आवड यांचा संबंध तर आपण मानतो त्याहून बराच सैल आहे. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक वेळा झाकलेल्या बाटल्यांतून चाखलेल्या वाइनची मते एकत्र करून २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. किंमत माहीत नसताना सर्वसामान्य माणसांना महाग वाइन स्वस्त वाइनपेक्षा अधिक आवडली नाही. उलट किंचित कमीच आवडली. वाइनचे शिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत तसे नव्हते. आपल्याकडच्या सोळा पाहुण्यांपैकी बहुतेक मंडळी पहिल्या गटातली असणार, तेव्हा तीन हजारांच्या बाटलीचा विचार मनातून काढून टाका.

चिरंजीवांच्या सूचनेत तथ्य आहे, पण ते पुण्यातल्या खरेदीला लागू पडत नाही. परदेशी वाइनवर भारताने वर्षानुवर्षे १५० टक्के आयातशुल्क लावले. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार लागू झाला तेव्हा आयातीच्या वेळी पाच अमेरिकी डॉलरहून अधिक किंमत असलेल्या बाटलीवरचे शुल्क १०० टक्क्यांवर आले आणि ते दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांपर्यंत उतरायचे ठरले. पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीला सवलत आणखी मोठी आहे. मात्र या शुल्कावर आयातदाराचा, राज्याच्या करांचा आणि दुकानाचा भार चढतो. पंधराशे रुपयांना पुण्यात विकली जाणारी ऑस्ट्रेलियन बाटली तिथून निघताना अगदी साध्या प्रतीची असते. तेवढ्याच पैशांत नाशिकच्या किंवा सोलापूरच्या वायनरीची बरीच वरच्या प्रतीची बाटली येते, कारण महाराष्ट्रातल्या वाइनला राज्याने २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणापासून करांत सवलती दिल्या आहेत. इथे आपण जिथे राहता तिथलीच वाइन घेणे हे केवळ अभिमानाचे नव्हे, तर हिशेबाचेही आहे.

पण मुलगा स्वतः येतोच आहे, तर त्याच्याकडून दोन बाटल्या अवश्य मागवा. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य किंवा वाइन शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात. त्याला बरोसा किंवा मॅक्लारेन व्हेल या भागांतली शिराज द्राक्षाची वाइन, किंवा मसालेदार जेवणासाठी त्याहून चांगली म्हणजे मॅक्लारेन व्हेलची ग्रेनाश द्राक्षाची वाइन आणायला सांगा. तिथे वीस-पंचवीस ऑस्ट्रेलियन डॉलरला जी बाटली मिळते, ती इथे दुकानात फार महाग पडेल. कपड्यांत गुंडाळून मोठ्या सामानात ठेवावी. या दोन बाटल्या सगळ्यांना वाटण्यापेक्षा जेवणाआधी यजमानांसाठी आणि घरच्यांसाठी राखून ठेवाव्यात.

आता दुकान. आपल्या पत्रातला 'मे महिना' हा शब्द वाचून मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटली. वाइन उष्णतेने बिघडते. तीस अंशांच्या पुढच्या तापमानात काही आठवडे काढलेल्या रेड वाइनमधला ताज्या फळाचा वास नाहीसा होतो आणि शिजवलेल्या, मुरांब्याकडे झुकणाऱ्या सपाट चवीची वाइन हाती येते. तिच्यावरचे पदक मात्र तसेच चकाकत असते. म्हणून वातानुकूलित आणि भरपूर खप असलेले दुकान निवडावे, मग ते घरापासून थोडे लांब असले तरी चालेल. काचेच्या दर्शनी कपाटात, उन्हाच्या तिरिपेत किंवा दिव्याखाली उभी असलेली बाटली घेऊ नये. आतल्या खोक्यातली काढून द्यायला सांगावे.

बाटली हातात घेतल्यावर गळ्यापाशी नीट पाहा. बुचाची बाटली असेल, तर वरचे वेष्टन बोटाने चाचपून बघावे: तापून आतली वाइन फुगली की बूच वर ढकलले जाते आणि वेष्टनाखाली उंचवटा लागतो, किंवा गळ्यावरून लेबलकडे गेलेला तपकिरी, चिकट ओघळ दिसतो. शेजारच्या बाटल्यांशी पातळी ताडून पाहावी. एकच बाटली बोटभर कमी भरलेली दिसली तर ती बाजूला ठेवावी. फिरकीचे झाकण पाहून नाक मुरडू नये. ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडेही चांगल्या चांगल्या वायनरी ते वापरतात. त्या बाटलीला बुचामुळे येणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास येण्याची भीती फार कमी असते, आणि वाइन उघडायचे यंत्र घरी नसले तरी अडत नाही.

घरी आणल्यावर बाटल्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवू नका. स्लॅबखालचा माळा ही मे महिन्यात घरातली सर्वांत तापलेली जागा असते. दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न असेल, तर फ्रिजचा खालचा कप्पा उत्तम. नाशिकला जाऊन थेट वायनरीतून आणायचा विचार असेल, तर तोही चांगला आहे, फक्त परतीच्या प्रवासात जेवायला थांबताना बाटल्या गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नयेत. एवढ्याशा वेळात आत जी उष्णता साठते, तिच्यापुढे आपली सगळी निवड वाया जाईल.

आता ताटाकडे वळू, कारण गुण देणारा परीक्षक आपला तांबडा रस्सा जेवत जेवत गुण देत नाही. रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या साली आणि बियांमधून आलेला तुरटपणा असतो. काजूचे बोंड खाल्ल्यावर जीभ आणि हिरड्या आवळून येतात, तसा तो जाणवतो. मटणाच्या चरबीबरोबर तो मऊ होतो आणि छान लागतो. पण तिखटाबरोबर तो वाढतो, आणि वाइनमधले अल्कोहोल तिखटाची आग आणखी भडकवते. परीक्षकांना आवडणाऱ्या भरदार, दाट, साडेचौदा टक्के अल्कोहोलच्या, ओकने भारलेल्या वाइन आपल्या रश्शाबरोबर म्हणूनच त्रास देतात. आपल्याला हवी ती फळाची चव पुढे असलेली, मध्यम अंगाची, तेरा-साडेतेरा टक्क्यांच्या आतली आणि थोडी आंबटसर वाइन. लेबलवर टक्केवारी छापलेली असते, ती वाचावी.

शिराज आपल्या मातीत चांगली रुळली आहे आणि तिच्यातली काळ्या मिऱ्यासारखी झाक सुक्या मटणाला साजते. सुलाची 'दिंडोरी रिझर्व्ह शिराज' हे तिचे ओकमध्ये मुरवलेले, सहज मिळणारे रूप आहे. रश्शासाठी आणि भरल्या वांग्यांसाठी माझी पहिली पसंती सांजोव्हेजेला राहील. हे मूळचे इटलीतल्या टस्कनीचे द्राक्ष, कियान्ती वाइन ज्याची होते ते; आपल्याकडे अकलूजजवळ फ्रतेल्लीने, म्हणजे इटलीतल्या सेच्ची बंधूंनी, दिल्लीच्या सेखरी बंधूंनी आणि अकलूजच्या मोहिते-पाटील कुटुंबाने मिळून उभ्या केलेल्या वायनरीने, ते चांगले रुजवले आहे. त्याचा आंबटपणा टोमॅटो, चिंच आणि कोकमाच्या चवीशी जुळतो आणि तुरटपणा जेवणावर मात करत नाही. तिसरी ग्रोव्हर झाम्पा या वायनरीची 'ला रिझर्व्ह', कॅबर्ने सॉव्हिन्यों आणि शिराज या द्राक्षांच्या मिश्रणाची. ती कर्नाटकातल्या नंदी हिल्सच्या बागांची म्हणून ओळखली जाते आणि दीर्घकाळ टिकून राहिलेल्या भारतीय रेड वाइनमध्ये तिचे नाव मानाने घेतले जाते. ती अधिक भरदार असल्याने कमी तिखटाच्या सुक्या मटणाबरोबरच ठेवावी. किमती बदलतात, तिच्यासाठी आपल्या मर्यादेच्या वर शंभर-दोनशे जावे लागले, तर जाऊ नये, पहिल्या दोन पुरेशा आहेत. गोडसर रेड वाइन मात्र मी सुचवणार नाही, कारण पहिला पेला आवडला तरी मटणाबरोबर दुसरा घेववत नाही.

माझ्या शब्दावर विसंबून एकदम पाच बाटल्या आणू नका. समारंभाच्या दोन आठवडे आधी तीन वेगवेगळ्या बाटल्या आणा, प्रत्येकीला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून अ, ब, क अशी खूण करा आणि घरातल्या चौघा-पाच जणांनी त्याच मटणाबरोबर, त्याच तिखटाचे प्रमाण ठेवून, चाखून पाहा. बाटल्या कोणी गुंडाळल्या त्याने मत देऊ नये. प्रत्येकाने बोलण्याआधी कागदावर क्रम लिहावा, नाहीतर घरातली वडीलधारी व्यक्ती जे म्हणेल तेच सगळ्यांना आवडू लागते. १९७६ मध्ये पॅरिसला स्टीव्हन स्परिअर या ब्रिटिश वाइन विक्रेत्याने अशाच झाकलेल्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्समधल्याच बोर्दो भागाच्या नामवंत बाटल्यांबरोबर कॅलिफोर्नियाच्या वाइन ठेवल्या, तेव्हा लाल वाइनमध्ये कॅलिफोर्नियाच्याच 'स्टॅग्ज लीप'ची १९७३ ची कॅबर्ने पहिली आली. लेबल दिसत असते तर तो निकाल लागला नसता. आपल्या घरच्या चाचणीचा निकाल कोणत्याही स्पर्धेच्या निकालापेक्षा आपल्या यजमानांच्या आवडीच्या अधिक जवळचा असेल, कारण परीक्षकांत ते स्वतः बसलेले असतील.

निवड झाली की किती आणायच्या? एका बाटलीतून दीडशे मिलिलिटरचे पाच पेले निघतात. सोळांपैकी नऊ-दहा जण वाइन घेतील आणि प्रत्येकी दोन पेले होतील असे धरले, तर चार बाटल्या लागतात. हाताशी पाचवी असावी. उरलेल्या मंडळींसाठी कोकम सरबत तेवढ्याच हौसेने करा आणि गाडी चालवत जाणाऱ्याला आग्रह करू नका.

त्या दिवशीची एक गोष्ट फार महत्त्वाची. रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, असे आपण ऐकलेले असते. पण ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. मे महिन्यातल्या संध्याकाळी आपल्या दिवाणखान्यात तीस अंश असतात आणि त्या तापमानाला कोणतीही रेड वाइन दारूसारखी भपकारते. बाटल्या फ्रिजमध्येच असू द्या आणि वाढण्याआधी वीस मिनिटे बाहेर काढा. बाहेर असतील, तर बर्फ आणि पाणी घातलेल्या भांड्यात दहा-बारा मिनिटे ठेवा. नुसत्या बर्फापेक्षा पाण्यासह बर्फाने बाटली लवकर गार होते. पेल्यात थोडी जास्त गार उतरली तरी हरकत नाही, दोन मिनिटांत ती आपोआप सैलावते. पेले साधे असले तरी चालतील, फक्त एक तृतीयांशच भरावेत. ओकमध्ये मुरलेली शिराज अर्धा तास आधी काचेच्या जगमध्ये ओतून ठेवली तर अधिक खुलते. नुसते बूच काढून ठेवल्याने फारसे काही होत नाही, कारण गळ्याच्या एवढ्याशा तोंडातून हवा लागत नाही.

एखादी बाटली अर्धी उरली, तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. ज्या वाइनला घरच्या मंडळींनी पसंती दिली तिचे नाव आणि लेबलवरचे वर्ष, दोन्ही वहीत टिपून ठेवा. पुढच्या खेपेला दुकानात तेच वर्ष मागा, आणि नवे वर्ष आले असेल तर पुन्हा एकच बाटली आणून आधी चाखून पाहा.